थडग्यांकडून घराकडे

घर मातीनं भरून झालं त्याच दुपारी ओगैलूला जमिनीखालून हातमागाचा आवाज आला. ठक ठक, मग श्वास घ्यावा एवढी उसंत, मग एक ठक. अकमत अशीच विणायची. अकमत त्याची बायको. ती वसंतात तापानं गेली होती, आणि आता नदीकाठचे खजूर पिकायला आले होते. तो तटाच्या सावलीत भाकरी आणि कांदा खाऊन आडवा झाला होता, सवयीनं डोक्याखाली बाणांचा रिकामा भाता घेतला होता. आवाज आला तेव्हा त्याला भीती वाटली नाही. ‘आज उशिरा बसली वाटतं विणायला’ एवढंच मनात आलं, आणि मग काय मनात आलं ते कळून तो ताडकन उठून बसला. गल्लीत माती वाहणारे लोक जागच्या जागी पेंगत होते. एकाच्या तोंडावर माशी बसली होती.

इराण्यांनी पश्चिमेच्या मैदानातून रोमनांच्या दुरा शहराला वेढा घातल्यापासून तटालगतच्या गल्लीवर ही पाळी यायचीच होती. बाहेरून धडका बसल्या तर तट आत कोसळू नये म्हणून आतून टेकू हवा, तेव्हा घरं रिकामी करा आणि छपरांपर्यंत माती भरा, असा हुकूम सुटला. हुकूम वालेन्स साहेबाचा. वालेन्स खऱ्या रोमन पलटणीतला, तट-बुरुजांचं काम पाहणारा. ओगैलू आणि त्याच्यासारखे वाळवंटातल्या तद्मोर शहरचे उंटस्वार तिरंदाज जोडपलटणीतले. त्यांनी हुकूम ऐकायचा आणि टोपल्या उचलायच्या. वालेन्स माणूस वाईट नव्हता. सामान काढायला त्यानं लोकांना सवड दिली होती. ओगैलूनं पितळी हंडा काढला, अंथरूण काढलं, उंटाचं खोगीर काढलं, देवळीतला अर्सू देव कापडात गुंडाळून काढला. हातमाग तेवढा काढला नाही. भिंतीत ठोकलेला आहे, मोडल्याशिवाय निघायचा नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यावर अर्धी विणलेली घोंगडी तशीच होती आणि वसंतापासून तिला त्यानं बोट लावलं नव्हतं, हे कारण सांगण्यासारखं नव्हतं. छपराला भोक पाडून त्यातून टोपल्या ओतायच्या होत्या. स्वतःच्या घरावर आपण ओतू नये असं सोबत्यांनी सुचवलं, तरी तो ऐकेना. घोंगडी बुडाली, मग फणी बुडाली, मग वरचं लाकूड दिसेनासं झालं. त्यानं शेवटची टोपली झटकली आणि हात धुतले.

वाळवंटात ओगैलूच्या कानाचं मोल सोन्यासारखं होतं. तद्मोरच्या वाटेवर लुटारूंच्या टोळ्या फिरत, आणि त्या नजरेला पडण्याआधी कानाला पडाव्या लागत. उंटाच्या कातड्याचा भाता रिकामा करायचा, वाळू थोडी उकरून त्यात तो आडवा दाबायचा, वर कान टेकायचा आणि श्वास पोटात धरायचा. घोडा जमिनीला मारतो, उंट जमिनीला थोपटतो, मेंढरं जमीन खरवडतात. हे त्याला चुलत्यानं शिकवलं होतं. त्याहून अवघड ते पुढचं: आवाज जवळ येतोय की लांब जातोय, आणि थांबला तर का थांबला. चुलता म्हणे, आवाजाला भिऊ नये, आवाज बंद झाला की भ्यावं. मग माणसं उतरलेली असतात आणि बाण दोरीला लागलेले असतात. पलटणीत या कामाला नेमलेल्या माणसाला सगळे ‘कान’च म्हणत. ‘कान’ उठला की दोनच गोष्टी बोलायचा. ‘जमीन गप्प आहे’ किंवा ‘जमीन बोलते.’ त्यावर कुणी उलट विचारायचं नाही, आणि एकाच्या भात्यावर दुसऱ्यानं कान ठेवायचा नाही. ठेवला तर दोघांचेही कान मातीचे होतात, अशी समजूत. उंटस्वार बाकी कशाला जुमानत नसत, पण हे पाळत.

त्या दुपारी तो पुन्हा आडवा झाला आणि शिस्तीत ऐकू लागला, तेव्हा पहिला धक्का बसला तो वेगळाच. आवाज घरातून येतच नव्हता. तो तटाच्या पलीकडून येत होता, खोलातून, दूरवरून, थडग्यांच्या मैदानाखालून. तिथंच, जमिनीखालच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात त्यांनी अकमतला ठेवलं होतं. तद्मोरचे लोक थडग्याला अनंताचं घर म्हणतात. त्या घरांवर आता इराण्यांचे तंबू होते आणि त्यांची घोडी तिथं लघवी करत होती. ओगैलू मूर्ख नव्हता. इराणी भुयार खणत असणार, आणि खणायचं तर थडग्यांच्या आयत्या खोल्यांतून सुरुवात करणार, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. एक माणूस दोनदा पहार मारतो, दुसरा टोपली ओढतो, मग ढेकूळ फोडायला आणखी एक घाव. हे त्याच्या डोक्याला कळलं. कानाला मात्र अकमत ऐकू येत होती, आणि आयुष्यभर तो डोक्यापेक्षा कानावर विसंबला होता. वालेन्स आला, म्हणाला, “काय रे, काही?” आणि ओगैलू अंगावरची माती झटकत म्हणाला, “जमीन गप्प आहे, साहेब.”

बोलून झाल्यावर त्याला फार मोकळं वाटलं. हे त्याचं जुनंच होतं, ऐकायचं आणि गिळायचं. अकमतला त्यानं पाहण्याआधी ऐकलं होतं. नव्यानं पलटणीत आला तेव्हा तिच्या बापाच्या भिंतीपलीकडं तो राहायचा, आणि ते दोन ठोके, ती उसंत, तो एक ठोका ऐकत पडायचा. ही बाई मध्ये का थांबते, याचा विचार करता करता त्यानं मागणी घातली. लोक हसले. सगळे मुलगी डोळ्यांनी बघतात, यानं कानानं बघितली म्हणाले. लग्नानंतर कळलं की ती थांबायची कारण मधल्या वेळात ती दारातून रस्ता बघायची. कुणाची वाट बघायची असं नाही, नुसताच रस्ता. दर उन्हाळ्यात ती त्याच्या कानांत तिळाचं कोमट तेल सोडायची आणि त्याचं डोकं मांडीवर दाबून धरायची. “तुमच्यापुढं मनातल्या मनात बोलायचीही चोरी,” म्हणायची. ते खरंच होतं. तापाच्या आधी दोन हिवाळे, एकदा तिचं डोकं आपल्या छातीवर असताना, त्यानं तिच्या श्वासातली ती बारीक घरघर ऐकली होती, कोरड्या वाळूवरून दोरी ओढावी तशी. तो बोलला नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटलं. न बोलताही ते खरं झालं, पण त्याची सवय काही गेली नाही.

त्यानंतर दररोज दुपारी, काम थांबलं की तो भाता घेऊन तटाशी जायचा. वालेन्सनं तटाच्या पायथ्याशी पाण्यानं भरलेली पितळी ताटं मांडून ठेवली होती; खाली कुणी खणत असेल तर पाणी थरथरतं. पण इतक्या लोकांच्या पायांनी आणि टोपल्यांनी पाणी दिवसभर थरथरतच असायचं, आणि दुपारी कुत्री येऊन ते पिऊन जायची. उरला होता फक्त ओगैलूचा कान. आवाज रोज जवळ येत होता. वाळवंटात अशी टोळी जवळ येते तेव्हा हात धनुष्याकडं जातो; इथं त्याला उलटंच व्हायचं, सकाळपासून दुपारची ओढ लागायची. आज मैदानाच्या कडेला पोचली. आज खंदकाखाली आली. आज तटाच्या पायाचा दगड तिला लागला, कारण ठोका किंचित चढ्या आवाजाचा झाला, मग ती बाजूनं वळली. ती घरी येत होती. तिला रस्ता बघायची सवय होतीच, आता ती त्यावरून चालत होती. रात्री झोपताना त्याला एकाच गोष्टीचा घोर लागायचा, की घर तर आपण गच्च भरून टाकलंय, ती आत शिरणार कशी.

एका दुपारी तो भरलेल्या घराच्या छपरावर चढला आणि भोकातून हातांनी माती उपसू लागला. हातमागाच्या वर, बसायच्या जागेपाशी, माणूस मावेल एवढी पोकळी करायची होती. ओल्या मातीत शेण होतं, मडक्यांच्या कपच्या होत्या, त्यानं नखं फुटली. खालून शिपाई विचारू लागले, काय ओगैलू, घर पेरलंयस का, कणीस कधी येणार. तो म्हणाला, लाकूड काढतोय. लाकडाला शहरात भाव होता, कुणाला नवल वाटलं नाही. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर बोटांना लोकर लागली, घोंगडीची कड. ती ओलसर आणि कोमट होती. उन्हानं तापलेली माती कोमट असायचीच, पण त्यानं हात झटकन बाहेर काढला आणि बोटं अंगरख्याला पुसत कितीतरी वेळ तिथंच बसून राहिला.

यारहाई हे सगळं वरून बघत होता. यारहाई म्हणजे अकमतचा धाकटा भाऊ, घराच्या डोक्यावरच जो बुरूज होता त्यावर पहाऱ्याला असायचा. थट्टेखोर गडी. दाजींना मुंग्यांची भांडणं ऐकू येतात, दाजींच्या नकळत बायकोला शिव्या घालायच्या तर नदीपलीकडं जावं लागतं, असलं काहीतरी चालू असायचं त्याचं. बहीण गेल्यापासून मात्र तो ओगैलूची थट्टा करायचं विसरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बुरुजावरून उतरला, हातात भिजवलेले हरभरे होते, ते त्यानं ओगैलूपुढं ठेवले आणि जवळ मातीत बसला. थोडा वेळ दोघंही खात राहिले.

“दाजी, खरं सांगा. खाली कोण आहे?”

ओगैलूला खोटं बोलायचं होतं, जीभ वळली नाही. “तुझी ताई,” तो म्हणाला.

यारहाई हसला नाही. त्यानं तटाकडं, म्हणजे तटापलीकडच्या मैदानाकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “कुठवर आली?”

“उंबऱ्यापाशी.”

यारहाईनं हात पुसले. ओगैलूच्या दंडाला धरून त्यानं त्याला बाजूला सरकवलं आणि स्वतः भात्यावर कान टेकला. हे कुणीच करत नसे, तरी ओगैलूनं अडवलं नाही. यारहाईचा चेहरा त्याच्याकडं होता. तो ऐकताना हळूहळू लहान होत गेला. भुवया वर गेल्या, ओठ विलग झाले. अकमतच्या बापाच्या घरी भिंतीपलीकडं बहिणीच्या मागाखाली झोपणारं पोर असंच दिसत असेल.

“अशीच विणायची,” यारहाई म्हणाला. मग उठून बसला, कान चोळला, आणि बराच वेळ चोळतच राहिला. “दाजी, पहार आहे ही.”

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

यारहाईनं मान वर करून बुरुजाकडं बघितलं. “मी वर उभा असतो, दाजी,” तो म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओगैलूला ते आधीच ठाऊक होतं. रोज दुपारी ठोके ऐकताना वर त्याच्या मेव्हण्याची पावलं ऐकू यायची, आणि त्या पावलांखालची एकेक हात जमीन काढून घेतली जातेय हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. बायको आणि मेव्हणा अशी दोघं त्यानं तराजूत घातली होती आणि मेलेलीचं पारडं जड ठरवलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशीसुद्धा तो आज ती किती सरकली याचाच अंदाज घेत होता.

वालेन्सकडं यारहाईच गेला. दाजींनी आत्ताच ऐकलं, जमीन बोलते, त्यांच्या घराखालीच, एवढंच त्यानं सांगितलं. मागचे सगळे दिवस त्यानं स्वतःच्या पोटात घातले. वालेन्सनं ताबडतोब माणसं लावली. भरलेल्या घराच्या शेजारून उलटं भुयार खणायचं, इराण्यांच्या भुयाराच्या वर यायचं आणि फोडून आत उतरायचं. पुढं कोण जाणार म्हणून विचारलं तेव्हा यारहाई पुढं झाला. परत येऊन त्यानं ओगैलूजवळ कंबरेचा पट्टा आवळला आणि म्हणाला, “ताई असली, तर दुसऱ्या कुणी तिला हात लावायला नको.” तो हे थट्टेनं म्हणाला की कसं, ते ओगैलूला कळलं नाही. कानाला सगळं कळतं असं म्हणणाऱ्याला हे कळलं नाही.

ओगैलूला वर, गल्लीत, भाता घेऊन आडवं व्हायला सांगितलं होतं. त्यानं दोन्हीकडचं ऐकायचं, आणि पलीकडचे थांबले तर जमिनीवर धोंडा आपटायचा. म्हणजे आपल्या माणसांनी लगेच मागं फिरायचं. धोंडा त्याच्या हाताशी होता. आता खालून दोन आवाज येत होते. एक थडग्यांकडून घराकडे, दुसरा घराकडून थडग्यांकडे. यारहाईचा घाव त्यानं चटकन ओळखला, उतावळा, एका दमात. आणि समोरून ते दोन ठोके, ती उसंत, तो एक ठोका. भाऊ आणि बहीण एकमेकांकडं चालली होती. उन्हं कलली, वालेन्स ओठ चावत उभा होता. आवाज इतके जवळ आले की त्यांच्यात हातभर माती उरली असेल. मग पलीकडचा थांबला.

ही नेहमीची उसंत असेल असं त्याला वाटलं. ती संपली तरी ठोका पडला नाही. चुलत्यानं शिकवलेलं सगळं त्याच्या अंगात उभं राहिलं. उतरलेत, थांबलेत, तयार आहेत. हात धोंड्यावर गेला. पण त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, आणि त्या श्वासात बारीक घरघर होती, कोरड्या वाळूवरून ओढलेल्या दोरीची. आता ती हाक मारणार. उंबऱ्यावर आली की ती हाक मारायची, हातात पाण्याची घागर असायची, ‘अहो, दार.’ धोंडा आपटला तर ती हाक त्यात बुडून जाईल. ओगैलू थांबला. एका श्वासापुरताच थांबला तो, त्याहून जास्त नाही.

हाक आली नाही. खाली माती फुटल्याचा आवाज झाला, मग यारहाईचं ओरडणं, आणि मग असा काही आवाज की जमिनीनंच ओकारी द्यावी. ओगैलू धोंडा आपटत राहिला, बोटं चेचली तरी आपटत राहिला. भुयाराच्या तोंडातून पिवळा धूर आला. गंधक आणि डांबराचा तो वास नाकात शिरला तसे जवळचे लोक गुडघ्यांवर पडून खोकू लागले. आत गेलेल्यांपैकी कुणी बाहेर आलं नाही. इराणीही आत येऊ शकले नसते. गंधक-डांबर पेटवून त्यांनी आपलं भुयार धुरानं भरलं होतं आणि स्वतः मागं सरकले होते. वालेन्सनं डोळे पुसत हुकूम दिला, आणि शिपायांनी आपल्याच माणसांवर दगड-विटा रचून तोंड बंद केलं. ओगैलूनंही दगड उचलले. कुणी त्याला काही विचारलं नाही. ‘कान’ला उलट विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वालेन्स स्वतः त्याला घ्यायला आला. बुरूज एका बाजूला खचला होता पण उभा होता, भरलेल्या घरांनी त्याला धरून ठेवलं होतं. वालेन्स थकला होता, रात्रभर झोपला नसावा. तो हुकूम दिल्यासारखं बोलला नाही. “एकदाच ऐक बाबा,” म्हणाला, “पुन्हा खणतायत का तेवढं सांग. माझ्याकडं आता खाली पाठवायला माणसं नाहीत.” ओगैलूनं भाता मातीत दाबला आणि कान टेकला. त्याला वाटलं होतं, काहीच ऐकू येणार नाही, कान मातीचे झाले असतील, आणि तसं झालं असतं तर त्याला आवडलं असतं.

आवाज होता. ठोके नव्हते, पावलं होती. घराखालून निघालेली, रेंगाळत चाललेली, कुणाला घाई नसल्यासारखी. एक पाऊल उतावळं, ते पुढं जायचं आणि थांबून दुसऱ्याला सोबत घ्यायचं. दुसरं हलकं. मध्ये कुजबुज चालली होती. शब्द कळत नव्हते, पण तो सूर त्यानं वर्षानुवर्षं आपल्याच स्वयंपाकघरातून ऐकला होता, बहीणभावाचा, ज्यात त्याला कधी जागा नसायची आणि ज्याचा त्याला कधी रागही आला नव्हता. एकदा हसल्यासारखं वाटलं. ती पावलं तटाच्या पायाला वळसा घालून खंदकाखाली गेली.

“जमीन बोलते,” ओगैलू म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं ऐकलं आणि त्याच क्षणी सांगितलं.

“कुठून कुठं?”

“घराकडून थडग्यांकडं. दोघं आहेत. परत चाललेत, साहेब.”

वालेन्सनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. परत चालले, असं तो वळून लोकांना म्हणाला, आणि ते शब्द गल्लीभर पसरले. कुणीतरी ओगैलूच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी खजुराच्या दारूचा पेला त्याच्याजवळ ठेवला. ओगैलूनं मान उचलली नाही. इतके दिवस ती आपल्यासाठी येतेय असं तो धरून चालला होता. तिनं उंबऱ्यापर्यंत येऊन आपल्या भावाला नेलं होतं. पावलं आता मैदानाच्या कडेला पोचली होती, अजून ऐकू येत होती. त्यातलं एखादं थांबतं का, हलकं पाऊल कधीतरी रस्ता बघायला मागं वळतं का, ते तो श्वास धरून ऐकत राहिला. ते वळलं नाही.